न घसरण्याची वाट

हिवाळ्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी डेन्व्हरच्या पश्चिमेकडच्या आमच्या वसाहतीत मेणाचा वास येतो. शेजारच्या गराजचं दार अर्धं वर गेलेलं असतं, आत दिवा लागलेला असतो आणि निवृत्त शाळामास्तर असलेला आमचा शेजारी टेबलावर स्कीची जोडी उलटी ठेवून तळाला मेण लावत असतो. लहानशी इस्त्री तापवायची, तिला मेणाची वडी टेकवायची, थेंब तळावर पडू द्यायचे आणि मग इस्त्री सावकाश फिरवत ते मेण आत मुरवायचं. गार झालं की प्लास्टिकच्या पट्टीने जादा मेण खरवडून काढायचं आणि ब्रशने घासून तळ आरशासारखा करायचा. हे सगळं झालं की तो डोक्याला विजेरी बांधून बाहेर येतो, गाडीपाशी उकिडवा बसतो आणि टायरच्या खाचेत नाणं उभं घालून खोली बघतो. एक टायर झाला की दुसरा, असे चारही. तेच हात थोड्या वेळापूर्वी एक वस्तू होता होईल तो निसरडी करत होते, आणि आता दुसरी तसूभरही निसरू नये याची खातरजमा करत असतात.

हे दृश्य मी दर हिवाळ्यात बघते आणि दर वेळी त्याच विचारापाशी थांबते. स्कीची हौस म्हणजे घसरण्याची हौस. डोंगराच्या माथ्यावर जायचं आणि स्वतःला उताराच्या हवाली करायचं, यासाठी माणसं वर्षभर पैसे साठवतात, गुडघ्यांचे व्यायाम करतात, उन्हाळ्यात हिवाळ्याची स्वप्नं बघतात. पण त्या माथ्यापर्यंत पोचवणारा रस्ताही त्याच डोंगरावर, त्याच बर्फात असतो. तिथे घसरणं ही सगळ्यात मोठी भीती. दोन्हीकडे हिम एकच आणि उतारही एकच. मधल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये मात्र याच माणसांना अगदी वेगळं वागावं लागतं.

बर्फ निसरडा का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे शून्याखालीही वर पाण्यासारखा एक अतिसूक्ष्म थर असतो. स्की सरकताना घर्षणाची जी ऊब निघते तिने त्या थरात भर पडते. फार कडाक्याची थंडी असली, पारा उणे वीस-पंचवीसवर गेला, की हा थर क्षीण होतो आणि हिम वाळूसारखं खरखरीत लागतं. म्हणून स्कीच्या मेणाच्या वड्या तापमानानुसार वेगवेगळ्या मिळतात. रस्त्यावर मात्र सगळ्यात वाईट अवस्था शून्याच्या आसपासची. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा गोठतं आणि डांबरावर काचेसारखं पसरतं. ते दिसत नाही, खालच्या डांबराचाच काळा रंग तेवढा दिसतो. हिवाळी टायरांचं रबर अशा वेळी कामाला येतं. साधा टायर सात अंशांच्या खाली कडक व्हायला लागतो. हिवाळी टायर मऊ राहतो आणि त्याच्या बारीक चिरा बर्फाच्या कडा पकडून ठेवतात. त्याच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात एक हिमकण असं चिन्ह असतं. इथल्या स्कीवेड्या माणसांना ते चिन्ह ओळखीच्या चेहऱ्यासारखं असतं.

कोलोरॅडोत तर याचा कायदाच आहे. १ सप्टेंबरपासून ३१ मेपर्यंत, मॉरिसनपासून डॉटसेरोपर्यंतच्या आय-७० महामार्गावर गाडीच्या टायरांच्या खाचा किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर खोल असाव्या लागतात. चारही चाकांना जोर देणारी गाडी असली तरी या खोलीतून सुटका नाही. दोनच चाकांना जोर असला तर टायर बर्फाचे हवेत, नाहीतर साखळ्या जवळ हव्यात. वर्षातले नऊ महिने हा नियम लागू असतो, यावरूनच इथला डोंगर किती काळ हिवाळ्यात राहतो ते समजावं.

शनिवारचा दिवस पहाटे चारला उजाडतो. आदल्या रात्री बूट हीटरजवळ ठेवलेले असतात, कारण गार बुटात पाय घालणं म्हणजे दिवसाची सुरुवातच कण्हत करणं. थर्मासमध्ये चहा, डब्यात पराठे, मागच्या सीटवर उशी घेऊन झोपेतच येऊन बसलेली मुलं. अंधारात एकेका घराचं दार उघडतं, बंद होतं. झाडांवर दुधाळ धुकं, गाड्यांच्या काचांवर दव गोठलेलं, ते खरवडण्याचा आवाज सगळ्या गल्लीत. त्या वेळी कोणी कोणाशी बोलत नाही, नुसता हात वर करतात.

डोंगर सुरू होण्याआधी मॉरिसनपाशी गाड्या ठेवायच्या मोकळ्या जागा आहेत. चार घरांतली माणसं इथे भेटतात, तीन गाड्या सोडतात आणि एकीत बसून वर जातात. या जागांना डायनोसॉरची नावं आहेत. टी-रेक्समध्ये भेटू, स्टेगोसॉरसमध्ये भेटू, असं माणसं अगदी सहज म्हणतात. ते नाव उगाच ठेवलेलं नाही. स्टेगोसॉरसचे पहिले जीवाश्म १८७७ साली याच मॉरिसनजवळच्या खडकांत सापडले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या त्या प्राण्याच्या शेजारी पहाटेच्या अंधारात माणसं एकमेकांच्या स्की छपरावर बांधतात, पट्टे ओढून बघतात, बुटांच्या पिशव्या कोंबतात, आणि निघतात.

मग ती रांग सुरू होते. रस्ता रिकामा असेल तर डेन्व्हरहून आयझेनहॉवर नावाच्या मोठ्या बोगद्यापर्यंत साधारण तासाची वाट. शनिवारी सकाळी ताजं हिम पडलेलं असलं तर तीच वाट तीन-तीन तास खाते. फ्लॉइड हिलच्या वळणावरून पुढे पाहिलं की डोंगराच्या अंगावर तांबड्या दिव्यांची एक अखंड माळ दिसते. तिच्यात आपणही एक मणी होऊन जातो. आयडाहो स्प्रिंग्जला दोन्ही अंगांनी कडे जवळ येतात. १८५९ च्या जानेवारीत या गावाजवळच्या ओढ्यात सोनं सापडलं आणि हजारो माणसं याच दरीतून वर धावली. आजची गर्दी दुसऱ्या वस्तूमागे जाते, पण दरी तीच आहे आणि अरुंदही तितकीच आहे. जॉर्जटाउनच्या वर उतारावर रानमेंढ्या दिसतात, पिळदार शिंगांच्या, खडकाच्याच रंगाच्या. तासाला दहा किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून त्या नीट बघता येतात. वेगात गेलो असतो तर दिसल्याही नसत्या.

या रांगेवर माणसं चिडतात. पण तिच्यातल्या गाडीच्या आत जे घडतं ते मला मोलाचं वाटतं. समोर बघत बसलेली दोन माणसं समोरासमोर बसलेल्यांपेक्षा अधिक मोकळी बोलतात. हात चाकावर, नजर पुढच्या दिव्यांवर, आणि मधल्या त्या सैल वेळात आठवडाभर अडकून राहिलेलं काहीतरी बाहेर येतं. मुलीने पहिल्यांदा शाळेतल्या एका दुःखाबद्दल सांगितलं ते इथेच, सिल्व्हर प्लूमच्या आसपास. नवऱ्याने नोकरी बदलायचं ठरवलं तेही याच रस्त्यावर. मैत्रिणींच्याही अशाच आठवणी आहेत. उतारावर स्की करताना माणूस एकटा असतो, वारा कानांत भरलेला असतो, बोलायला अवसर नसतो. बोलणं जे होतं ते जाताना आणि येताना.

एका हिवाळ्यात गावाहून आमचे अण्णा आले होते. अण्णांची सगळी नोकरी एसटीत, सातारा जिल्ह्यात गेली. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट त्यांनी पावसात, धुक्यात, दरड कोसळलेली असताना चालवलेला. ते माझ्या शेजारी बसले होते. बर्फ आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, पण त्यांचं लक्ष बर्फाकडे फारसं नव्हतंच, रस्त्याकडे होतं. मी विचारलं, ‘‘अण्णा, भीती वाटते का तुम्हाला?’’ ते म्हणाले, ‘‘तू चालव पोरी. पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटू नको म्हंजे झालं.’’ मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘‘घाट सगळीकडं घाटच असतो.’’

तो मोठा बोगदा आला तेव्हा मी त्यांना सांगितलं की इथे पाणी वाटलं जातं. अलीकडच्या अंगाला पडलेलं हिम वितळून क्लियर क्रीकमधून साउथ प्लॅट नदीत आणि पुढे मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे जातं. पलीकडचं ब्लू नदीतून कोलोरॅडो नदीला मिळून पश्चिमेच्या वाटेला लागतं. अण्णा लगेच म्हणाले, ‘‘म्हंजे आपलं महाबळेश्वर.’’ खरंच होतं ते. तिथेही कृष्णा-कोयना पूर्वेकडे जातात आणि सावित्री पश्चिमेला घाटाखाली उडी घेते. मी पुढे सांगितलं की पलीकडच्या डिलन जलाशयातलं पाणी डोंगराच्या पोटातून काढलेल्या सदतीस किलोमीटर लांबीच्या रॉबर्ट्स बोगद्यातून पुन्हा अलीकडे, डेन्व्हरच्या नळाला आणलं आहे. १९६२ सालचं काम. अण्णांनी मान डोलावली. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरवलं आहे, हे त्यांनी त्यांच्या उमेदीच्या काळात पाहिलेलं. ज्या हिमावर लोक शनिवारी घसरतात तेच हिम उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात येतं, हे मला त्या दिवशी अण्णांशी बोलताना पहिल्यांदा नीट उमगलं.

आयझेनहॉवर बोगद्याची उंची ३,४०१ मीटर. अमेरिकेच्या साऱ्या आंतरराज्य महामार्गांवरचं हे सर्वांत उंच ठिकाण. ज्या अध्यक्षांच्या सहीने १९५६ साली या महामार्गांचा कायदा झाला त्यांचं नाव याला दिलं आहे. त्यांची पत्नी डेन्व्हरात वाढलेली, आणि त्यांनाही कोलोरॅडोच्या डोंगरांत सुट्टी घालवायला आवडे. पश्चिमेकडे जाणारी पहिली नळी मार्च १९७३ मध्ये खुली झाली, पूर्वेकडे येणारी दुसरी डिसेंबर १९७९ मध्ये. लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आतबाहेर. पार व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. पण पहिली नळी बांधली जात असताना जे घडलं ते मला दर वेळी आत शिरताना आठवतं.

जॅनेट बॉनेमा ही तरुणी राज्याच्या महामार्ग विभागात तांत्रिक कामावर रुजू झाली होती. बोगद्याचं काम तिचंच होतं, पण तिला बोगद्यात पाऊल टाकू देत नव्हते. बाई भुयारात शिरली की घात होतो, अशी खाणकामगारांत जुनी समजूत. बाहेर बसून कागद कर, असं तिला सांगितलं जाई. तिने कोर्टात दावा लावला. ९ नोव्हेंबर १९७२ रोजी ती आत गेली. कित्येक कामगार तिला पाहून काम टाकून बाहेर निघून गेले. ती मात्र आत चालत राहिली. आज त्याच बोगद्यातून मी चाकावर हात ठेवून जाते, मागे माझी मुलगी बसलेली असते. हे इतकं साधं वाटण्यामागे कोणीतरी त्या दिवशी न डगमगता चाललं होतं, याची जाणीव मला विसरायची नाही.

जॅनेट आत शिरली त्याच्या दोनच दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, कोलोरॅडोच्या मतदारांनी आणखी एक गोष्ट ठरवली होती. १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक डेन्व्हरला मिळालेलं होतं. लोकांनी त्याच्या खर्चाला मतपेटीतून नकार दिला आणि स्पर्धा ऑस्ट्रियात इन्सब्रुकला गेली. डोंगरांवर किती माणसं यावीत, किती रस्ते व्हावेत, हा तेव्हाही वादाचा विषय होता आणि अजून आहे. स्कीवर जिवापाड प्रेम करणाऱ्यांतच या प्रश्नावर दोन तट पडतात. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. ज्याचं डोंगरावर प्रेम असतं त्यालाच गर्दी पाहून वाईट वाटतं, आणि तोही त्या गर्दीचा भाग असतोच.

बोगद्याच्या वर लव्हलँड हे स्कीचं मैदान आहे. आपण आतून गाडीने जात असताना वर, डोंगराच्या पाठीवर, कोणीतरी स्कीवरून वळणं घेत सुसाट उतरत असतं. खाली टायर डांबराला धरून असतात, वर माणसं धरलेलं सगळं सोडून देतात. पहाटे निघाल्यापासून जो विचार मनात घोळत असतो तो इथे अक्षरशः एकावर एक रचलेला दिसतो. स्फोटक आणि ज्वलनशील माल नेणारे ट्रक मात्र या बोगद्यात घेत नाहीत. त्यांना शेजारच्या लव्हलँड खिंडीतून, ३,६५५ मीटरवरून, उघड्या बर्फाळ रस्त्याने जावं लागतं. आमच्या सुट्टीसाठी रस्ता सोपा झाला, पण आमच्या गाड्यांचं पेट्रोल आणणाऱ्या माणसाची वाट अजून तीच जुनी आहे. त्याचा टँकर त्या वळणांवर हळूहळू चढताना दिसला की गाडीतलं गाणं नकळत बारीक होतं.

बोगदा संपला की उतार लागतो. दर शंभर मीटरला सात मीटर खाली, थेट सिल्व्हरथॉर्नपर्यंत. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी इथे बाजूला खडीचे चढ केलेले आहेत. खडीत चाकं रुततात आणि ट्रक थांबतो. ते चढ पाहून अण्णा सरसावून बसले. म्हणाले, ‘‘ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं. ब्रेकवर भिस्त ठेवली की ब्रेक तापतो आणि ऐन वेळी सोडून जातो.’’ मी गिअर खाली टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडी आपोआप आवरली गेली. बर्फात हे आणखी खरं. तिथे एकदम दाबलेला ब्रेक, एकदम वळवलेलं चाक, एकदम दिलेला वेग, तिन्ही घात करतात. जे करायचं ते आधीपासून आणि हळू करायचं.

नवल म्हणजे स्कीच्या शाळेतही पहिला धडा हाच असतो. लहान मुलांना आधी घसरायला शिकवत नाहीत, थांबायला शिकवतात. दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणायची, मागची बाजू फाकवायची, म्हणजे त्रिकोण होतो आणि वेग आटोक्यात येतो. मास्तर ओरडतात, ‘‘पिझ्झा! पिझ्झा!’’ आणि चार-पाच वर्षांची पोरं पायांचा पिझ्झा करून उतारावर थांबतात. ते जमल्याशिवाय डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यात बसू देत नाहीत. थांबता येतं ही खात्री पायांत मुरली की मगच पाय सैल होतात आणि मगच घसरण्यात गोडी येते. मुलीला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा ती उताराच्या मध्यावर नुसती उभी राहिली होती, न पडता, आणि तिचा चेहरा फुलला होता.

उतारावरच्या त्या गोडीचं वर्णन मी करायला जात नाही. ज्याने घेतली त्याला सांगायला नको, आणि ज्याने घेतली नाही त्याला शब्दांनी पोचत नाही. एवढंच म्हणेन की ती फार थोडी असते. दिवसभराचा हिशेब केला तर पाळण्याच्या रांगेत, पाळण्यात, बूट आवळण्यात, मुलांचे हातमोजे शोधण्यात जास्त वेळ जातो. प्रत्यक्ष घसरणं मिनिटांत मोजावं. त्या मिनिटांसाठी एवढा लांब रस्ता असतो, आणि तो रस्ता कोणीतरी उघडा ठेवलेला असतो.

रात्री दोन-तीन वाजता, आम्ही गादीत असताना, प्लाऊचे ट्रक रस्त्यावर असतात. पुढे भलामोठा पोलादी पंजा, मागून वाळू आणि मीठपाणी टाकणारी यंत्रं, टपावर फिरता दिवा. कधी तीन-चार ट्रक तिरक्या ओळीत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावल्यासारखे चालतात. पहिल्याने बाजूला लोटलेलं हिम दुसरा घेतो, दुसऱ्याचं तिसरा, आणि सगळा रस्ता एका फेरीत मोकळा होतो. अण्णांनी ती ओळ पाहिली आणि म्हणाले, ‘‘ही माणसं रातपाळीची हायेत. डोळ्यांत बघ त्यांच्या.’’ एवढ्या अंतरावरून डोळे कुठले दिसायला? पण मुक्कामी गाडी घेऊन जाणाऱ्या माणसाला ते काचेआडूनही कळत असावं.

दुसरी माणसं हिमकड्यांची. काही डोंगरांच्या कुशीत हिमाचे थर साचतात आणि मधला एखादा थर कच्चा राहिला की वरचं सगळं ओझं एकदम सुटतं. ते गाड्यांवर येण्याआधी रस्ता बंद करून, स्फोट घडवून, ठरवून खाली आणावं लागतं. मार्च २०१९ मध्ये तर एकामागून एक हिमकडे फ्रिस्को आणि कॉपर माउंटनच्या मधल्या दरीत थेट महामार्गापर्यंत आले आणि रस्ता पुन्हा पुन्हा बंद ठेवावा लागला. रस्ता बंद म्हणजे सुट्टी बुडाली, हॉटेलचे पैसे गेले, सोमवारची रजा वाढली. आम्ही अडकून पडलो त्या रात्री सिल्व्हरथॉर्नच्या पेट्रोल पंपाबाहेर माणसं कशी होती ते मला आठवतं. कोणी दुधाची पावडर शोधत होतं, कोणी आपल्या डब्यातलं वाटत होतं, एका आजोबांनी त्यांच्या गाडीतल्या जादा गोधड्या न विचारताच दोन घरांना दिल्या. उतारावर आम्ही एकमेकांना रंगीत जाकिटांवरून ओळखत होतो. तिथे पहिल्यांदा चेहऱ्यांनी ओळखलं.

रविवारी दुपारी परतीची रांग. आता गाडीत ओल्या लोकरीचा वास, मुलांचे गाल लाल, मांड्या ठणकत असतात. बोगद्याच्या पश्चिम तोंडाशी कधीकधी गाड्या थांबवतात आणि थोड्या थोड्या सोडतात. पुढे रस्ता तुंबला तर बोगद्याच्या आत गाड्या अडकू नयेत, मदतीच्या गाडीला वाट राहावी, म्हणून. मागच्या काही वर्षांत थोडी सोय झाली आहे. डिसेंबर २०१५ पासून परतीच्या वाटेवर गर्दीच्या वेळी टोल भरून वापरायची जादा मार्गिका उघडतात. डोंगरात जाणारी स्नोस्टँग नावाची बसही धावते. आणि १९२८ साली खुल्या झालेल्या मॉफट बोगद्यातून विंटर पार्कला जाणारी स्कीची आगगाडी, जी १९४० पासून चालत आली होती आणि २००९ मध्ये बंद पडली होती, ती २०१७ पासून पुन्हा सुरू झाली. तिच्यातून जाताना खिडकीशी बसून मी रस्त्याची आठवण काढते, आणि रस्त्यावर अडकले की आगगाडीची. तरी ज्यांना जमेल त्यांनी आगगाडी किंवा बस पकडावी असंच माझं मत आहे. डोंगराच्या कुशीत तेवढ्या गाड्या कमी.

पुढे अण्णा गावी परतले. फोनवर ते अजून विचारतात, ‘‘घाटात बर्फ किती?’’ स्की कशी झाली हे त्यांनी कधीच विचारलं नाही. मला वाटतं त्यांचा प्रश्नच बरोबर आहे. आनंद माथ्यावर असतो हे खरं, पण माणूस घरी परत येतो तो घाटातून. सगळं सोडून देण्याची मुभा आपल्याला मिळते ती कोणीतरी, कुठेतरी, घट्ट धरून ठेवलेलं असतं म्हणून. कधी तो टायर असतो, कधी रातपाळीचा ड्रायव्हर, कधी भुयारात न घाबरता शिरलेली एखादी बाई.

तुम्ही कधी हिवाळ्यात बर्फाच्या घाटात गाडी घेऊन जाणार असाल, कोलोरॅडोत, आल्प्समध्ये किंवा आपल्या मनालीच्या वर, तर एवढं ऐका. निघण्याआधी टायर बघा. गाडीत पाणी, खाणं आणि सगळ्यांना पुरतील एवढी पांघरुणं ठेवा. उतार लागला की गिअर खाली टाका. रस्ता बंदचा फलक दिसला तर हुज्जत न घालता वळा. आणि पुढे प्लाऊ चालत असेल तर कितीही उशीर झालेला असो, त्याच्या मागेच राहा. त्याला ओलांडून पुढे गेलात, तर पुढचा रस्ता अजून कोणीही साफ केलेला नसतो.